प्साय म्हणजे काय? तरंगसमीकरणाच्या अर्थाचा शोध, १९२५ ते १९२७

२७ जानेवारी १९२६ रोजी ‘आनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकाकडे झुरिक विद्यापीठातील प्राध्यापक एर्विन श्रोडिंगर यांचा एक निबंध पोहोचला. त्यात इलेक्ट्रॉनसाठी एक तरंगसमीकरण मांडलेले होते. ते हायड्रोजनच्या अणूला लावले की अणूच्या ऊर्जापातळ्या प्रयोगांशी जुळणाऱ्या मिळत. जूनअखेरपर्यंत या मालिकेतले आणखी तीन निबंध आले आणि युरोपभरचे भौतिकीतज्ज्ञ ते समीकरण वापरू लागले. ते सोडवण्याचे गणित त्यांना ध्वनी आणि प्रकाश यांच्या अभ्यासामुळे आधीपासून येत होते. अडचण वेगळीच होती. समीकरणाच्या मध्यभागी बसलेले प्साय हे ग्रीक अक्षर कोणत्या भौतिक राशीसाठी आहे, हे कोणालाही ठामपणे सांगता येत नव्हते. श्रोडिंगर यांनी दिलेले उत्तर वर्षभरही टिकले नाही. झुरिकमधली तरुण मंडळी प्सायच्या या गूढ अर्थावर गमतीच्या कविताही रचत.

न्यूटनच्या नियमात वस्तुमान आणि त्वरण म्हणजे काय हे आधी ठरलेले असते आणि समीकरण त्यांचा बलाशी असलेला संबंध सांगते. इथे क्रम उलटा झाला. उत्तरे बरोबर येत होती आणि ती नेमकी कशाविषयीची उत्तरे आहेत हे शोधणे बाकी होते. पुढच्या पावणेदोन वर्षांत हा शोध ज्या वादांतून गेला, त्यांतून पुंजयामिकीला, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्सला, तिचा आजचा अर्थ मिळाला.

या घडामोडींची सुरुवात त्याआधी पंचवीस वर्षे झाली होती. डिसेंबर १९०० मध्ये मॅक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे सूत्र सिद्ध करताना ऊर्जेची ठरावीक पुंजांतच देवघेव होते असे गृहीत धरले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशच पुंजांचा बनलेला आहे असे मानले. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला काही ठरावीक कक्षांचीच मुभा दिली. एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत इलेक्ट्रॉनने उडी मारली की प्रकाश बाहेर पडतो, असे हे चित्र होते. हायड्रोजनच्या वर्णपटाचा उलगडा त्याने केला, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या साध्या हेलियमपुढेच ते अडले.

जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचे वेर्नर हायझेनबर्ग परागज्वराने बेजार होऊन उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर गेले. अणूतली कक्षा कधी कोणी पाहिलेली नाही; प्रयोगात दिसते ती प्रकाशाची वारंवारता आणि तीव्रता. मग सिद्धांतात त्याच राशी का नसाव्यात, या विचाराने त्यांनी स्थान आणि संवेग यांच्या जागी अंकांचे तक्ते मांडले. एका पातळीतून दुसऱ्या पातळीत होणाऱ्या प्रत्येक संक्रमणाला तक्त्यात एक घर होते. ग्योटिंगेनला परतल्यावर त्यांनी हे टिपण आपले वरिष्ठ मॅक्स बॉर्न यांच्याकडे दिले. या तक्त्यांचा गुणाकार गणितज्ञांच्या मॅट्रिक्सच्या गुणाकारासारखाच आहे, हे बॉर्न यांनी ओळखले. अशा गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते. स्थान गुणिले संवेग आणि संवेग गुणिले स्थान यांच्यातला फरक शून्य नसून प्लांक यांच्या स्थिरांकाशी निगडित आहे, हे सूत्र बॉर्न आणि त्यांचे तरुण सहकारी पास्कुअल योर्डान यांनी त्याच उन्हाळ्यात सिद्ध केले. व्होल्फगांग पाउली यांनी त्याच पद्धतीने हायड्रोजनचे गणित सोडवून दाखवले. ते इतके किचकट होते की फार थोड्या लोकांना त्याच्या वाटेला जावेसे वाटले. शिवाय या सिद्धांतात डोळ्यांपुढे आणता येईल असे काहीच नव्हते.

श्रोडिंगर यांची वाट दुसरीकडून आली. फ्रान्सचे लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये आपल्या प्रबंधात असे सुचवले होते की, इलेक्ट्रॉनसारख्या कणाबरोबरही तरंग असतो आणि कणाचा संवेग जितका जास्त तितकी त्या तरंगाची लांबी कमी. श्रोडिंगर यांनी झुरिकच्या एका परिसंवादात हे काम समजावून सांगितले, तेव्हा पीटर डेबाय यांनी शेरा मारला की, तरंगांविषयी बोलायचे तर आधी तरंगाचे समीकरण हवे. १९२५च्या नाताळात श्रोडिंगर स्वित्झर्लंडमधील आरोझा या डोंगरी गावी सुट्टीला गेले आणि समीकरणावर काम करू लागले. वय अडतीस. सैद्धांतिक भौतिकीतले मोठे शोध विशीत लागतात असा त्या काळचा समज होता.

समीकरणातून ठरावीक ऊर्जा कशा बाहेर पडतात हे पाहिले की श्रोडिंगर यांना त्याचे एवढे आकर्षण का वाटले ते कळते. दोन टोकांना ताणून बांधलेली तंबोऱ्याची तार हव्या त्या सुरात कंप पावत नाही. टोके स्थिर असल्यामुळे तारेत अर्ध्या लांबीचे तरंग एक, दोन, तीन अशा पूर्णांकातच मावतात. अणूतला तरंगही केंद्रापासून फार दूर शून्य होत गेला पाहिजे, एवढी एकच अट घातली की काही निवडक ऊर्जाच शिल्लक राहतात. बोर यांना पूर्णांक बाहेरून लादावे लागले होते. इथे ते आपोआप आले. मार्च १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी हेही दाखवले की, त्यांचे समीकरण आणि ग्योटिंगेनचे तक्ते गणिताच्या दृष्टीने एकच आहेत. त्यामुळे आकडेमोडीचा प्रश्न मिटला आणि सगळा वाद अर्थावर येऊन ठेपला.

श्रोडिंगर यांच्या मते अर्थ उघड होता. इलेक्ट्रॉन हा कण नाहीच; तो अवकाशात पसरलेला खराखुरा तरंग आहे. प्सायच्या केवल मूल्याचा वर्ग करून त्याला इलेक्ट्रॉनच्या विद्युत्प्रभाराने गुणले की त्या जागी किती प्रभार पसरलेला आहे ते मिळते. या चित्राची मोहिनी मोठी होती. अणू प्रकाश का देतो, याचे त्यातून फार सुंदर उत्तर निघत होते. दोन ऊर्जापातळ्यांची कंपने एकत्र आली की प्रभाराचा ढग त्या दोन वारंवारतांच्या फरकाइतक्या वारंवारतेने डोलू लागतो आणि डोलणारा प्रभार नेमका त्याच वारंवारतेचा प्रकाश बाहेर टाकतो. उडी नाही, अचानकपणा नाही. मॅक्सवेल यांच्या विद्युत्चुंबकीय सिद्धांताला शोभेल असे सलग चित्र. प्लांक आणि आइन्स्टाइन यांच्यासह जुन्या पिढीतील अनेकांना यामुळे हायसे वाटले, यात नवल नाही.

पहिली कुरबुर खुद्द श्रोडिंगर यांच्याच मनात होती. काळानुसार बदलणाऱ्या प्सायचे समीकरण लिहिताना त्यात उणे एकचे वर्गमूळ येत होते. ध्वनी किंवा प्रकाश यांच्या गणितातही संमिश्र संख्या वापरतात, पण ती केवळ सोय असते. शेवटी तिचा वास्तव भाग तेवढा घ्यायचा. इथे तसे करता येईना. जूनमध्ये हेन्ड्रिक लोरेंट्झ यांना लिहिलेल्या पत्रात श्रोडिंगर यांनी ही गोष्ट आपल्याला खटकते असे कळवले, कारण प्साय मुळात वास्तव राशीच असली पाहिजे असे त्यांना वाटत होते. तरीही महिनाअखेरच्या चौथ्या निबंधात त्यांना संमिश्र समीकरणच स्वीकारावे लागले. ज्या राशीचे मूल्य कोणत्याही मोजपट्टीवर वाचता येत नाही, ती पाण्यावरच्या लाटेसारखी प्रत्यक्ष वस्तू कशी असेल, हा प्रश्न तिथेच उभा होता.

यापेक्षा जड आक्षेप लोरेंट्झ यांनी घेतले. बहात्तर वर्षांच्या या डच भौतिकीतज्ज्ञाने २७ मे १९२६च्या लांबलचक पत्रात श्रोडिंगर यांचे कौतुक करून दोन दुखऱ्या जागांवर बोट ठेवले. कण म्हणजे तरंगांचा छोटासा पुंजका असेल, तर तो टिकायला हवा. पण समीकरणानुसार असा पुंजका पसरत जातो. हा पसार किती मोठा असतो हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एका अणूच्या आकारात, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागात, कोंडलेला इलेक्ट्रॉनचा पुंजका मोकळा सोडला तर एका सेकंदात तो काहीशे किलोमीटर पसरतो. उलट एक ग्रॅम वजनाच्या गोळीचा एक मायक्रोमीटर रुंदीचा पुंजका विश्वाच्या आजच्या वयाइतका काळ गेला तरी मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाइतकाही पसरत नाही. श्रोडिंगर यांनी न पसरणाऱ्या पुंजक्याचे एक उदाहरण शोधून काढले होते, पण ते साध्या दोलकाचे होते. दोलकाच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर असतात, म्हणूनच तिथे पुंजका टिकतो. अणूत तसे नसते. इलेक्ट्रॉन म्हणजे पसरलेला प्रभार असेल, तर प्रयोगात तो नेहमी एका ठिकाणी आणि अखंड का सापडतो, याला या चित्रात उत्तर नव्हते.

दुसरा आक्षेप तर निरुत्तर करणारा होता. एका इलेक्ट्रॉनचा प्साय लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन मितींत लिहिता येतो. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांचा प्साय मात्र दोन वेगळ्या तरंगांची बेरीज नसतो. तो सहा मितींत लिहिलेला एकच तरंग असतो. युरेनियमच्या ब्याण्णव इलेक्ट्रॉनांसाठी मिती होतात २७६. आपण राहतो त्या अवकाशात असा तरंग असूच शकत नाही.

जुलै १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी म्युनिकला व्याख्याने दिली. श्रोत्यांत हायझेनबर्ग होते. सगळे सलगच असेल तर प्लांक यांचा प्रारणाचा नियम कसा समजावून देणार, असा प्रश्न त्यांनी उभा केला. हायझेनबर्ग यांच्या आठवणीनुसार, यजमान प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी त्यांना जवळजवळ दटावून खाली बसवले आणि क्वांटम उड्यांचा काळ आता संपला असे सुनावले. खिन्न होऊन हायझेनबर्ग यांनी बोर यांना पत्र लिहिले. म्युनिकच्या त्या सभागृहात कोणालाही कल्पना नव्हती की प्सायचा अर्थ सांगणारा निबंध जून संपण्यापूर्वीच बर्लिनला पोहोचलेला आहे.

तो बॉर्न यांचा होता. बॉर्न त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते आणि ग्योटिंगेनच्या सैद्धांतिक भौतिकी संस्थेचे प्रमुख होते. तिथेच त्यांचे मित्र जेम्स फ्रांक यांची प्रयोगशाळा होती. फ्रांक आणि गुस्टाव हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडून दाखवले होते की, पाऱ्याच्या अणूला धडकणारा इलेक्ट्रॉन ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच ऊर्जा गमावतो, त्याहून कमी नाही. अशा टकरींच्या प्रयोगांचे वातावरण बॉर्न यांच्याभोवती रोजचे होते. इलेक्ट्रॉन यंत्रातून सुटतो, अणूला धडकतो, एका दिशेला उडतो आणि तिथे मोजला जातो, हे ज्याच्या शेजारी चाललेले असते त्याला इलेक्ट्रॉन कण नाही असे मानणे अवघड जाते. बॉर्न यांनी पुढे स्वतःच सांगितले की, श्रोडिंगर यांचा अर्थ आपल्याला पटला नाही तो या प्रयोगांमुळेच.

बॉर्न यांनी बंदिस्त अणू बाजूला ठेवला आणि टकरीचाच प्रश्न श्रोडिंगर यांच्या समीकरणाने सोडवला. सारे पुढे बदलले ते या निवडीमुळे. अणूच्या स्थिर पातळ्यांच्या गणितात फक्त ऊर्जेचे आकडे प्रयोगाशी ताडले जातात आणि प्सायकडे दुर्लक्ष केले तरी चालते. टकरीत ते चालत नाही. समीकरणाप्रमाणे अणूवर आदळलेला तरंग सर्व दिशांना विखुरतो. मोजयंत्रात मात्र इलेक्ट्रॉन येतो तो एकाच दिशेने आणि संपूर्ण. समीकरण आणि प्रयोग यांची गाठ इथे घालावीच लागते. बॉर्न यांनी ती अशी घातली: एखाद्या दिशेला विखुरलेल्या तरंगावरून इलेक्ट्रॉन त्या दिशेला जाण्याची संभाव्यता मिळते. तरंग इलेक्ट्रॉनची जागा सांगत नाही. कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, एवढेच सांगतो.

‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’कडे २५ जून १९२६ रोजी आलेल्या या प्राथमिक टिपणातला एक तपशील विज्ञानाच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. मजकुरात बॉर्न यांनी संभाव्यता थेट तरंगाच्या आयामावरून ठरते असे लिहिले होते. मुद्रिते तपासताना त्यांनी तळटीप जोडली की, अधिक विचार केल्यावर संभाव्यता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याचे दिसते. आयाम ऋण असू शकतो, संमिश्रही असू शकतो आणि संभाव्यता तशी असून चालत नाही, हे उघड कारण झाले. पण वर्गात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि पुंजयामिकीचे वेगळेपण तीतच आहे. दोन फटींतून इलेक्ट्रॉन पडद्याकडे जात असेल, तर आधी दोन्ही फटींतून आलेले आयाम एकमेकांत मिळवायचे आणि मग बेरजेचा वर्ग करायचा. प्रत्येक फटीचा आयाम १ धरला, तर एकच फट उघडी असताना पडद्यावर सगळीकडे तीव्रता १ येते. दोन्ही उघडल्यावर सर्वत्र २ मिळेल असे व्यवहारबुद्धी सांगते. प्रत्यक्षात जिथे तरंगांचे शिखर शिखरावर पडते तिथे दोनचा वर्ग ४ येतो आणि जिथे शिखर दरीवर पडते तिथे शून्य. सरासरी दोनच राहते, म्हणजे इलेक्ट्रॉन हरवत नाहीत. पण त्यांची वाटणी पट्ट्यापट्ट्यांत होते. नाण्याच्या किंवा पत्त्यांच्या खेळातल्या संभाव्यता सरळ मिळवल्या जातात, त्यांत अशी वजाबाकी कधीच होत नाही.

बॉर्न यांनी या कल्पनेचे श्रेय आइन्स्टाइन यांना दिले. प्रकाशाचा तरंग प्रकाशपुंजांना वाट दाखवणारे एक ‘भूतक्षेत्र’ आहे, अशी कल्पना आइन्स्टाइन यांनी मित्रांशी बोलताना मांडली होती, छापली मात्र नव्हती. बॉर्न यांनी तीच इलेक्ट्रॉनला लावली आणि एक पाऊल पुढे टाकले. प्साय स्वतः काळानुसार अगदी निश्चितपणे बदलतो. समीकरण दिले की उद्याचा प्साय आजच ठरलेला असतो. पण त्यातून हाती येते ती संभाव्यता, घटना नव्हे. अणूंच्या जगात कार्यकारणाचे काटेकोर बंधन सोडून द्यायला आपण तयार आहोत, असे बॉर्न यांनी त्या निबंधात स्पष्ट लिहिले. अडीचशे वर्षांच्या यामिकीने जे गृहीत धरले होते ते त्यांनी एका शांत वाक्यात बाजूला ठेवले, आणि या धाडसाला साजेसा मान त्यांना बराच काळ मिळाला नाही.

ऑगस्ट १९२६ मध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनची परिषद भरली. बॉर्न यांनी तिथे आपले विवेचन मांडताना न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळांतील क्लिंटन डेव्हिसन यांच्या आलेखांचा दाखला दिला. डेव्हिसन समोरच बसले होते आणि आपल्या आलेखांचा हा अर्थ त्यांना पूर्वी कधी सुचला नव्हता. १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटून त्यांच्या उपकरणातला निकेलचा तुकडा गंजला होता. तो साफ करण्यासाठी खूप तापवल्यावर त्यात मोठे स्फटिक तयार झाले आणि इलेक्ट्रॉनांचे विखुरणे एकदम बदलले. अमेरिकेला परतल्यावर डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर यांनी तरंग शोधण्याच्याच हेतूने प्रयोग केले. १९२७च्या आरंभी ५४ व्होल्टने वेगवान केलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावरून ५० अंशांच्या कोनात ठळकपणे जास्त संख्येने येताना दिसले. त्यावरून काढलेली तरंगलांबी १.६५ अँगस्ट्रॉम होती. द ब्रॉग्ली यांच्या सूत्राने १.६७ येते. मोजयंत्रात येणारी गोष्ट कणच होती आणि तिची वाटणी तरंगाची होती. बॉर्न यांचा अर्थ याहून स्वच्छपणे दाखवणे कठीण.

बॉर्न यांचा नियम मूळ स्वरूपात टकरींपुरता होता. पाउली यांनी त्याच शरद ऋतूत हायझेनबर्ग यांना लिहिलेल्या पत्रात तो व्यापक केला: कोणत्याही प्सायच्या केवल मूल्याचा वर्ग म्हणजे कण त्या ठिकाणी सापडण्याची संभाव्यता. मितींचे कोडेही इथेच सुटले. सहा मितींतला तरंग वस्तू म्हणून विचित्र होता, पण शक्यतांची नोंद म्हणून नव्हे. पहिला इलेक्ट्रॉन इथे आणि दुसरा तिथे असण्याची एकत्रित शक्यता लिहायची, तर सहा आकडे लागणारच. हायड्रोजनच्या अणूचे चित्रही नव्याने वाचता आले. नीचतम पातळीत इलेक्ट्रॉन केंद्रापासून ०.५३ अँगस्ट्रॉम अंतरावर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. बोर यांनी १९१३ मध्ये पहिल्या कक्षेची त्रिज्या एवढीच काढली होती. कक्षा गेली, तिचा आकडा नव्या अर्थाने उरला.

दरम्यान बोर यांनी श्रोडिंगर यांना कोपनहेगनला बोलावले. ऑक्टोबरच्या आरंभी ते पोहोचले आणि वाद रेल्वे स्थानकावरच सुरू झाला. श्रोडिंगर बोर यांच्या घरी उतरले होते, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत सुटका नव्हती. काही दिवसांत ते तापाने आजारी पडले. मार्गरेट बोर त्यांची शुश्रूषा करत आणि नील्स बोर पलंगाच्या कडेला बसून आपला मुद्दा पुढे रेटत. या उड्या जर राहणारच असतील तर आपण या विषयात पडलो याचेच दुःख होते, असे श्रोडिंगर वैतागून म्हणाले, तेव्हा बोर यांनी बाकीचे सगळे तुमचे ऋणी आहेत असे उत्तर दिले. कोणाचेही मत बदलले नाही. पण कोपनहेगनच्या लोकांना कळून चुकले की नुसता विरोध पुरेसा नाही. स्थान, वेग, मार्ग हे शब्द अणूच्या जगात कितपत लागू पडतात, हे त्यांना स्वतःलाच नीट सांगायला हवे.

हायझेनबर्ग तेव्हा बोर यांच्या संस्थेत काम करत होते. त्यांना छळणारी गोष्ट होती मेघकोष्ठातली रेघ. बाष्पाने भरलेल्या या पेटीतून इलेक्ट्रॉन गेला की मागे थेंबांची बारीक रेघ उमटते, म्हणजे मार्ग डोळ्यांना दिसतो. त्यांच्या स्वतःच्या सिद्धांतात तर मार्गाला जागाच नव्हती. फेब्रुवारी १९२७ मध्ये बोर नॉर्वेला बर्फावर फिरायला गेलेले असताना त्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. आपण खरोखर मार्ग पाहतो का? दिसते ती थेंबांची रांग, आणि प्रत्येक थेंब इलेक्ट्रॉनच्या मानाने अवाढव्य असतो. म्हणजे प्रत्येक क्षणी स्थान ढोबळपणेच कळते आणि वेगही ढोबळच. मग सिद्धांताला विचारायचे ते एवढेच की, दोन्ही गोष्टी एकाच वेळी किती नेमकेपणाने कळू शकतात. गणिताने उत्तर दिले: स्थानातली आणि संवेगातली अनिश्चितता यांचा गुणाकार प्लांक यांच्या स्थिरांकाच्या पातळीखाली जाऊ शकत नाही. तो स्थिरांक जूल-सेकंदात दशांश चिन्हानंतर तेहेतीस शून्ये देऊन येतो, म्हणून क्रिकेटच्या चेंडूला ही मर्यादा जाणवत नाही आणि इलेक्ट्रॉनला ती पदोपदी जाणवते. दीड वर्षापूर्वी सिद्ध झालेल्या त्या गुणाकाराच्या क्रमाच्या सूत्राचा भौतिक आशय हाच होता.

हे पटवण्यासाठी हायझेनबर्ग यांनी एक काल्पनिक प्रयोग रचला. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकातून पाहायचे तर फार लहान तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे गॅमा किरण, लागतील; पण असा एकच पुंज इलेक्ट्रॉनला जबर धक्का देईल आणि त्याचा संवेग बदलेल. २३ मार्च १९२७ रोजी निबंध नियतकालिकाकडे पोहोचला. नॉर्वेहून परतलेल्या बोर यांनी तो वाचून चूक दाखवली. धक्का किती बसला हे हिशेबाने काढता आले असते, तर अनिश्चितता उरलीच नसती. ती उरते कारण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला रुंदी असते आणि पुंज त्या रुंदीतून नेमका कोणत्या दिशेने आत आला हे कळत नाही. हायझेनबर्ग यांची ही बाजू पूर्वीपासून कच्ची होती. १९२३ मध्ये डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत वीन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेवरच अडवले होते आणि ते नापास होता होता वाचले होते. बोर यांच्याशी झालेला वाद इतका विकोपाला गेला की हायझेनबर्ग यांना रडू कोसळले. अखेर मुद्रितात टीप जोडून त्यांनी दुरुस्ती मान्य केली.

बोर यांना स्वतःला अधिक व्यापक काही म्हणायचे होते. १६ सप्टेंबर १९२७ रोजी इटलीतील कोमो येथे, व्होल्टा यांच्या स्मृतिशताब्दीच्या परिषदेत, त्यांनी पूरकतेची कल्पना मांडली. तरंग आणि कण ही चित्रे एकमेकांना खोडत नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगरचनांत वेगवेगळे चित्र उपयोगी पडते आणि दोन्ही एकाच मांडणीत एकत्र येत नाहीत. पुढच्या महिन्यात ब्रुसेल्सला पाचवी सोल्व्हे परिषद भरली. अध्यक्ष लोरेंट्झ होते. बॉर्न आणि हायझेनबर्ग यांनी संयुक्त निवेदनात पुंजयामिकी हा पूर्ण झालेला सिद्धांत आहे असे जाहीर केले. द ब्रॉग्ली यांनी तरंग खऱ्याखुऱ्या कणाला वाट दाखवतो अशी पर्यायी मांडणी केली, पण पाउली यांच्या टीकेपुढे त्यांनी ती लवकरच सोडून दिली. ती पुन्हा उभी राहिली १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांच्या हातून.

सर्वांत खोल शंका आइन्स्टाइन यांची होती. बारीक छिद्रातून गेलेल्या इलेक्ट्रॉनचा तरंग अर्धगोलाकार पडद्यावर सर्वत्र सारखा पोहोचतो. इलेक्ट्रॉन एका ठिकाणी उमटला की त्याच क्षणी इतर सर्व ठिकाणची शक्यता शून्य होते. प्साय जर अनेक इलेक्ट्रॉनांच्या समूहाचे वर्णन असेल तर यात विशेष काही नाही. तो एकट्या इलेक्ट्रॉनचे संपूर्ण वर्णन असेल, तर मात्र दूरदूरच्या बिंदूंना एकमेकांची खबर तत्क्षणी लागते असे म्हणावे लागेल, आणि ते सापेक्षतेच्या सिद्धांतात बसत नाही. डिसेंबर १९२६ मध्ये बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात देव फासे खेळतो हे आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी कळवले होते, आणि त्यावरून पुष्कळदा त्यांच्यावर जुन्याला चिकटून राहिल्याचा शिक्का बसतो. ब्रुसेल्सचा आक्षेप पाहिला तर हा शिक्का अन्यायाचा वाटतो. १९३५ मध्ये बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांच्यासह त्यांनी तोच विचार दोन कणांना लावला, त्यातून १९६४ मध्ये जॉन बेल यांची असमानता निघाली आणि तिच्यावरच्या प्रयोगांना २०२२चे नोबेल पारितोषिक मिळाले. श्रोडिंगर यांनीही आपली शंका सोडली नाही. १९३५ मध्ये त्यांनी रचलेले पेटीतल्या मांजराचे कोडे प्सायच्या संभाव्यतेच्या अर्थाविरुद्धचाच युक्तिवाद होते.

बॉर्न यांच्या वाट्याला मान उशिरा आला. १९३२चे नोबेल हायझेनबर्ग यांना आणि १९३३चे श्रोडिंगर व पॉल डिरॅक यांना मिळाले. ग्योटिंगेनमध्ये तिघांनी मिळून केलेल्या कामाबद्दल एकट्यानेच पारितोषिक घेताना मन खाते, असे हायझेनबर्ग यांनी बॉर्न यांना कळवले. त्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू वंशामुळे बॉर्न यांना पदावरून दूर केले. ते केंब्रिजला गेले, १९३५-३६ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून सहा महिने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले आणि मग एडिंबरोला स्थिरावले. नोबेल मिळाले १९५४ मध्ये, वॉल्थर बोथे यांच्यासह विभागून, तळटिपेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि मानपत्रात प्सायच्या सांख्यिकीय अर्थाचा खास उल्लेख होता.

वर्गच का, घन किंवा चौथा घात का नाही, या प्रश्नालाही पुढे गणिताने उत्तर दिले. अमेरिकन गणिती अँड्र्यू ग्लीसन यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले की, पुंजयामिकीच्या चौकटीत तीन किंवा अधिक मितींच्या अवस्था-अवकाशात सुसंगत संभाव्यता द्यायच्या असतील, तर बॉर्न यांच्या नियमाशिवाय दुसरा पर्यायच नाही. संभाव्यता मुळात का लागते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ते गृहीतच धरावे लागते.

१९८९ मध्ये जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय बारीक विद्युत्भारित तारेच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन पाठवले. ते इतके विरळ सोडले होते की एका वेळी उपकरणात एकाहून जास्त इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. सुरुवातीचे ठिपके कुठेही पडल्यासारखे विखुरलेले होते; ते हजारोंच्या संख्येने साठल्यावर गडद आणि फिकट पट्टे उभे राहिले, आणि त्या पट्ट्यांचे माप प्सायच्या वर्गावरून काढलेल्या मापाशी जुळले. श्रोडिंगर यांचे समीकरण ही सगळी नक्षी देते. एखादा ठिपका तिथेच का पडला हे मात्र ते सांगत नाही, आणि बॉर्न यांच्या अर्थानुसार ते सांगणे समीकरणाचे कामही नाही. तो अर्थ अंतिम आहे की त्याखाली आणखी काही आहे, यावर भौतिकीतज्ज्ञांचे आजही एकमत झालेले नाही.